घंटीची तार

सासऱ्यांनी टेलिफोनच्या मुख्य डबीचं झाकण काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावले. सून शेजारी टॉर्च धरून उकिडवी बसली होती.

"तार मी ओढलेली आहे. दोष तिच्यात नसणार," ते म्हणाले.

घरभरच्या तारा त्यांनी स्वतःच्या हातांनी ओढल्या होत्या. न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा एक डबी होती, जिथे आजवर कुणी फोन लावला नव्हता. त्या तारांना नावं ठेवणं म्हणजे त्यांच्या पोटच्या पोरांना नावं ठेवणं. पण सुनेचा जीव टांगणीला लागला होता. शिकवण्याच्या नोकरीसाठी इंटरनेटवरून मुलाखत होती. मागच्या खेपेला पडद्यावर ती अर्ध्या वाक्यात, तोंड उघडं ठेवून गोठली होती. आज दुपारी तिला शेवटची संधी होती.

"बाबा, यातली तिसरी तार फक्त जुन्या फोनची घंटी वाजवते. बाकी वेळ घरभर फिरून खरखर गोळा करते आणि इंटरनेटचा बोजवारा उडवते."

"म्हणजे काम कमी आणि गोंधळ फार. माझ्या धाकट्या भावासारखी."

त्यांनी स्क्रू ढिला केला, तार बाहेर ओढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. लॅपटॉपवरचं चित्र एकदाही न अडखळता पळू लागलं. इंटरनेटचा शोध आपणच लावला अशा थाटात सासरे उठले.

दाराशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"म्हणजे स्वयंपाकघरातला फोन आता वाजणार नाही?"

"नाही. फक्त या खोलीतला वाजेल," सून म्हणाली.

"बरं," म्हणत त्या मटाराचं भांडं उचलून आत गेल्या.

सासऱ्यांचा चेहरा पडला. "तिच्या ताईचं विसरलोच की मी," ते हळूच म्हणाले. सासूबाईंची थोरली बहीण परगावी एकटी राहायची. रोज दुपारी चहाच्या वेळेला ती फोन एकदाच वाजवून ठेवायची, म्हणजे मी ठीक आहे. उचलायचा नाही, कारण बोलायला लागल्या की दोघी भांडायच्या. सुनेला इतकी वर्षं वाटत होतं, कुणाचा तरी नंबर चुकतो.

तिला फार वाईट वाटलं. "बाबा, लावा ती तार परत."

"हात तर लावून बघा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझं मी बघते."

दुपारी मुलाखत रंगात आली असताना दार हळूच उघडलं. सासूबाई कमरेत वाकून, कॅमेरा चुकवत आत आल्या आणि भिंतीशी जमिनीवर बसल्या. त्यांनी फोन मांडीवर घेतला, तान्ह्या बाळासारखा शालीत गुंडाळला आणि वर दोन्ही तळहात ठेवले. सून उत्तरं देत होती, पण डोळा त्या शालीवर होता. चहाची वेळ झाली, टळली. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटत गेले.

मग शालीच्या आत काहीतरी गुरगुरलं. एकदाच.

सासूबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. सुनेला उत्तराच्या मध्येच हसू फुटलं.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "घरी कुणी आलंय का?"

"सासूबाईंची ताई," सून म्हणाली. "उभ्या उभ्या येऊन गेल्या."