आईच्या पलंगावरची तलवार

भाऊ बेदा तलवार न्यायला आला तेव्हा ओटिलियाने ती आईच्या पलंगावरच्या खुंटीवरून काढून पुसून ठेवली होती. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हे काम आई करायची. आधी खडूची पूड, मग लोकरी फडका, आणि मुठीच्या पितळी खाचांतून भरतकामाची सुई. स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेलच्या चौकात गावकारभाराची सभा भरली की पुरुषाच्या कमरेची तलवार हाच त्याच्या मताचा परवाना. तलवारवाले चौकाभोवती बांधलेल्या दोराच्या आत. बायका, पोरं आणि फोटो काढणारे प्रवासी बाहेर.

ही तलवार मुळात आईच्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती आईकडे आली. ती लावून आधी तिचा नवरा दोराच्या आत गेला, मग मुलगा. देशाच्या निवडणुकीत आई एकोणीस वर्षं मत टाकत होती. घरासमोरचा रस्ता कुणी बांधायचा, हे ठरवताना मात्र ती दोराबाहेर उभी असायची. मार्चमध्ये ती गेली. त्याच्या चारच दिवस आधी तिने बेदाला जवळ बसवून सांगितलं होतं, "यंदा बायकांच्या मताचा प्रश्न परत येणार आहे. मी नसेन. माझ्यासाठी एकदा हात वर कर." बेदा लहान मुलासारखा रडला होता. "करीन, आई. शब्द देतो."

"लक्षात आहे ना?" कमरपट्टा त्याच्या हातात देत ओटिलियाने विचारलं.

"ओटी, मी काय विसरभोळा आहे?"

सभा बघायला ओटिलिया मैत्रीण झिटाच्या टोप्यांच्या दुकानात गेली; त्याची खिडकी चौकावर उघडायची. झिटाने तिच्यासाठी खुर्ची सरकवली. खाली काळ्या कोटांचा घोळका दाटत होता. बेदा कारंज्याजवळ उभा होता, गुरांचा व्यापारी हाउत्ले याच्या शेजारी.

"मला बाई नको ते मत," झिटा म्हणाली. "मी नवऱ्याला घरी सांगते, तो इथे हात वर करतो. उगाच गर्दीत उभं राहून पाय कोण दुखवणार?"

"आणि त्याने नाही केला तर?"

"तर त्याला जेवायला कोण घालतंय?" झिटा हसली.

प्रश्न पुकारला गेला. ज्यांना बायकांना मताचा हक्क द्यायचा आहे त्यांनी हात वर करावेत. विखुरलेले हात वर गेले. ओटिलियाची नजर कारंज्यावरून हलली नाही. बेदाचा उजवा हात तलवारीच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला. हाउत्लेने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बेदा बुटांकडे बघू लागला.

मग उलट प्रश्न झाला, आणि हातांचं रान उठलं. हाउत्लेचा हात वर गेला, त्यापाठोपाठ बेदाचा, कोपरापासून ताठ. खालून कुणीतरी ओरडलं, "चला, आता घरी जाऊन बायकोकडे सूप मागा." चौकभर हशा पिकला. बेदाही हसला.

ओटिलिया खुर्चीवरून उठली.

दुपारी तो जेवायला आला. तिने उकडलेली सॉसेजं वाढली, कारण ती आधीच शिजली होती. त्याचा उजवा हात पावाकडे गेला. जाड बोटं, नखांत मोहरी. याच हाताने त्याने आईचा हात धरला होता. तिने पावाची टोपली त्याच्याकडे ढकलली आणि स्वतः एक तुकडाही घेतला नाही.

"सगळे बघत होते गं," तो खाता खाता म्हणाला. "हाउत्ले माझी वासरं घेतो. चिठ्ठ्या टाकायच्या असत्या तर मी नक्की..."

"आई बघत नव्हती, म्हणून?"

"आई गेली, ओटी. तिला आता काय फरक पडतो?" त्याने तोंड पुसलं. "आणि खरं सांगू, पुढेमागे देशाचं कोर्ट तुम्हाला मत देईलच. मग माझ्या एका हाताने काय होणार होतं?"

त्याने आणखी एक सॉसेज घेतलं, खाल्लं, कमरपट्टा सोडला आणि तलवार टेबलावर ठेवली. पितळी मुठीवर त्याच्या तळव्याचा घाम चिकटून होता.

"पुसून ठेव. पुढच्या वर्षी येतो."

"येऊ नकोस. ती इथेच राहील."

"म्हणजे? आजोबांची आहे ती."

"आजोबांनी आईला दिली. आईने मला."

बेदा हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. "अगं, मग मी चौकात उभा कसा राहू?"

"आई राहायची तसा. दोराच्या बाहेर."

तो टोपी घेऊन गेला. तो दुसरी तलवार कुठून तरी मिळवेल, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याची ताटली उचलली, उरलेलं सगळं कुत्र्याला घातलं आणि हात दोनदा धुतले. मग तलवार फडक्यात धरून, मूठ न पुसताच, आईच्या पलंगावर परत लटकवली.