घाटीला आराम

कुडपणच्या महिपतींकडे शिमग्यात पालखीपुढे गावाच्या वतीने खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान होता, आणि त्यांचा आवाज शिमग्याआधीच बसला. धाकटा भाऊ भिकू त्यांना महाडला माझ्या दवाखान्यात घेऊन आला.

दुर्बिणीने पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. मी चित्र काढून समजावलं: "हे स्वरयंत्र. त्यातले हे दोन तंतू श्वास घेताना उघडतात, बोलताना मिटून थरथरतात. ओरडलं की एकमेकांवर आपटतात. वरती हे झाकण आहे. गिळताना ते मिटतं, म्हणून तुम्ही घरी देता ते चाटण तिथवर पोचतच नाही."

"मधबी नाय?" भिकूने विचारलं. मी त्याचा देव बाटवल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

स्वरयंत्र हा शब्द दोघांच्या डोक्यावरून गेला होता. मी सोपा शब्द शोधला. "घाटीला महिनाभर आराम द्या. शिमग्याला आवाज येईल."

"म्हंजे सगला तरास घाटीचाच?"

"घाटीचाच."

आमच्याकडे गळ्याच्या उंचवट्याला घाटी म्हणतात.

महिन्याने दोघे परत आले. गाठी वाढल्या होत्या.

"घाटीला आराम दिला नाहीत?"

"दिला की!" भिकू म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी येष्टीत बसवून म्हायेराला धाडली."

"कोणाला?"

"वयनीला. घाटावरची हाय ना ती, आंबेनळीच्या वरली; आमी घाटीच म्हनतो तिला. घरात सगली म्हनली, डाक्टरीनबाय हुशार, बरोबर वळखलान."

"आणि वहिनी काय म्हणाल्या?"

"पिशवी भरून आमच्या आधी स्टँडवर."

महिपतींच्या घशातून फुसफुस आली. "ती गेल्यापासून म्हस ऐकत नाय... वरडावं लागतं."

"वयनीला फोनवरबी वरडून इचारतो," भिकूने भर घातली. "साखर कुठं, मीठ कुठं."

मी महिपतींचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवला. "ही घाटी. बायको नव्हे."

त्यांनी बोटांनी घाटी चाचपून पाहिली. मग फुसफुसले, "मंग आता आनू तिला?"

"आणा. पण यंदा गाऱ्हाणं घालू नका. या गाठींवर ओरडलात तर आवाज कायमचा जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिकूकडे. वडिलांपासूनचा मान होता तो.

"तू कशाला कालजी करतोस, दादा?" भिकू म्हणाला. "मी हाय ना!" आणि त्याने तिथेच, माझ्या टेबलासमोर, दणदणीत घसा खाकरला.

खाकरण्यानेही तंतू आपटतात. ते मी त्याला सांगितलं नाही.