घरात कुणाला दमा आहे का?

"घरात कुणाला दमा, ॲलर्जी?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्याकडे न बघताच. सदाशिव पेठेतले डॉक्टर आधी कागदाकडे बघतात, मग जमलं तर पेशंटकडे.

"आमच्यात कुनाला न्हाय," माझ्या सासूबाई, मथुराबाई, म्हणाल्या. "जल्मभर मातीत राबलो, कुनी शिंकलं बी न्हाय."

मी गप्प बसले. माझी सहा वर्षांची लेक, संस्कृती, मांडीवर बसून कोपराच्या आत खाजवत होती. तिथली कातडी दोन वर्षं लाल आणि खरखरीत आहे. या हिवाळ्यापासून ती पहाटे खोकते. ही वाट मला पाठ आहे. आधी कातडी, मग नाक, मग छाती.

लग्न ठरवताना आईने माझा दमा झाकला. मी लातूरहून पुण्यात शिकायला आलेली, मग नोकरीला चिकटलेली. मुलाकडच्यांच्या वावरात इमारती उभ्या राहिलेल्या. एवढं चांगलं स्थळ छातीतल्या शिट्टीपायी घालवायचं? मीही मान हलवली. गेली आठ वर्षं माझा इनहेलर पर्समध्ये सॅनिटरी पॅडच्या पाऊचमध्ये असतो, कारण आमच्या घरात तेवढं एकच पाऊच कुणी उघडत नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये ओढते. शनिवार-रविवार घरी असले की खोकला गिळते. औषध रोज घ्यायचं असतं, माझे महिन्यातले आठ-दहा दिवस बुडतात. सूरज, माझा नवरा, 'धूळ फार झालीय' म्हणतो आणि खिडकी लावतो. चांगला माणूस आहे.

गेल्या महिन्यात मी स्वारगेटजवळच्या एका दवाखान्यात एकटीच गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनमध्ये श्वासनळ्यांच्या भिंती दाखवल्या. "वर्षानुवर्षं आतून सूज राहिली की भिंत जाड होते, स्नायू वाढतो, मधली वाट अरुंद होते. ॲलर्जीचा पिंड असलेल्या प्रत्येकाचं असं होत नाही. तुमचं झालंय. औषधाने सूज उतरेल. जाड झालेली भिंत पहिल्यासारखी होईल, असं मात्र मी सांगणार नाही."

मला काही वाटलं नाही. स्कूटर काढली, वाटेत कोथिंबीर घेतली. आपण रडायला हवं होतं हे जेवताना सुचलं, आणि तेव्हा पोळ्या वाढायच्या होत्या.

"जवळच्या कुणाला नाही म्हणता," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "मग सर्दीचाच खोकला असेल. कातडीला मलम देतो. छातीचं पुढच्या हिवाळ्यात बघू."

सासूबाई पिशवी घेऊन उठल्या. मी उठले नाही. एक हिवाळा वाया जाणं म्हणजे काय, ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. फक्त गप्प बसायचा भयंकर कंटाळा आला.

"मला दमा आहे," मी म्हणाले. "नवव्या वर्षापासून."

डॉक्टरांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मग मघाशी मौन होतं का तुमचं? जुने कागद आहेत?"

"आहेत. भावाच्या नावावर."

"म्हणजे भावालाही आहे?"

"नाही. दिग्विजय ठणठणीत आहे. मुलीच्या नावावर दम्याची फाईल नको, पुढे लग्नाला आड येईल, म्हणून आई त्याचं नाव सांगायची. लातूरच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. तेही तेच लिहायचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग संस्कृतीकडे बोट करून विचारलं, "आणि हिला आहे का भाऊ?"

"नाही. असता तरी हिचं हिच्याच नावावर लिहा."

त्यांनी मलमाचा कागद फाडला आणि नवा घेतला. संस्कृतीला जवळ बोलावून तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. सासूबाई अजून उभ्याच होत्या.

"मंग पोरीला ह्ये तुझ्याकडनं आलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडनंच. म्हणून तर सांगितलं."