मारुतीरावांचं बोलणं

मी एक टॅब. कडेने फुगलेला, एका कोपऱ्यात काचेला तडा गेलेला. आयुष्यभर मी दुसऱ्याचंच बोललो. पाणी हवंय, पाठ दुखतेय, पंखा कमी कर, ही वाक्यं माझी नव्हती. मला कुठली तहान आणि कुठली पाठ! ती मारुतीरावांची होती. आज मात्र स्वतःचं सांगतोय. पहिलंच आणि शेवटचंच.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पहिला उजेड पाहिला तो कल्याणच्या एका दुकानात, आणि समोर ऐश्वर्या होती. ते कोरोनाचे दिवस. तिचं बी.एड. घरूनच चाललेलं आणि फोनच्या एवढ्याशा काचेवर तिला काही धड दिसत नव्हतं. तिने मला विठ्ठलवाडीच्या घरी आणलं, निळं कव्हर घातलं. धाकटा भाऊ बंटी हात लावायला आला की ती त्याला हाकलायची. मला फार कौतुक वाटायचं तेव्हा माझं.

पुढे ती शाळेत शिकवायला लागली आणि मी खणात गेलो. जुने चार्जर, मिक्सरची कागदपत्रं आणि मी. गरज संपलेली वस्तू माणसं टाकत नाहीत, खणात ठेवतात. आत अंधार असतो, पण ऐकू सगळं येतं. मला सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो मारुतीरावांचा आवाज.

मारुतीराव म्हणजे ऐश्वर्याचे वडील. खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते, रिटायर होऊन घरी बसलेले. त्यांनी गॅलरीतून हाक मारली की खालचा भाजीवाला मान वर करायचा. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. रागही तसाच. एकदा तोंडातून गेलं की गेलं, मागे घेणं नाही.

एका सकाळी अर्धांगाचा झटका येऊन ते बेसिनपाशी पडले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. समजायचं सगळं. समोरचा काय म्हणतोय, टीव्हीवर काय चाललंय, सगळं. पण स्वतःचं काही सांगायला जावं तर तोंडातून नुसतं 'त… त…' यायचं. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा सगळं घर कुजबुजल्यासारखं बोलत होतं.

हॉस्पिटलातल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी ऐश्वर्याला सुचवलं की टॅबवर चित्रं घाला, ते बोट लावतील आणि टॅब बोलेल. मी खणातून बाहेर आलो. तिने माझ्यात पाण्याचा पेला घातला, चहाचा कप, गोळ्या, खिडकी, पंखा. मग घरातल्यांचे फोटो. आधी मी एका परक्या बाईच्या आवाजात बोलायचो. मारुतीरावांनी तो ऐकला आणि तोंड फिरवलं. शेवटी बंटी म्हणाला, माझा आवाज घाल, लोक फोनवर मला बाबाच समजतात. एकेक शब्द त्याने माझ्यापुढे तोंड आणून म्हटला. आईच्या फोटोपाशी आल्यावर अडला. आईला नावाने कसं म्हणायचं? तीनदा हसला, मग एकदाचं म्हणाला, "कलावती."

मारुतीरावांनी पहिल्यांदा त्या फोटोला बोट लावलं तेव्हा कलावतीबाई कणीक मळत होत्या. हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आल्या. उभ्या संसारात नवऱ्याने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का', एवढंच. लाजून म्हणाल्या, "असं मोठ्याने नका हो, शेजारी ऐकतील." मारुतीराव अर्ध्या तोंडाने हसले. त्या घरातला माझा सगळ्यात सुखाचा दिवस तोच.

मग मात्र एक वेगळंच सुरू झालं. दुपारी जेवणं झाली, की मारुतीराव मला मांडीवर घ्यायचे आणि डाव्या अंगठ्याने घरच्यांचे फोटो सरकवायचे. कलावती. ऐश्वर्या. बंटी. पुढे रिकामं पान. परत मागे. परत पुढे. अंगठा त्या रिकाम्या पानावर घासत राहायचा. घरातले विचारायचे, काय हवंय बाबा? पाणी देऊ? बाथरूमला जायचंय? ते मान हलवायचे, हलवत राहायचे. एकदा इतके चिडले, की मला ढकलून दिलं. माझा कोपरा तडकला तो तेव्हा.

ते कोणाला शोधत होते ते मला कळत नव्हतं. माझ्यात जे घातलंय तेवढंच जग मला माहीत. कलावतीबाईंना मात्र कळलं होतं. कदाचित पहिल्याच दिवशी.

मी यायच्या आधी या घरात आणखी एक मुलगा होता. सगळ्यात थोरला, संदेश. त्याने नीरजाशी लग्न केलं. नीरजाचा आधी घटस्फोट झालेला, पदरी दिशा नावाची लहान मुलगी. मारुतीरावांनी आकांडतांडव केलं. दुसऱ्याची पोर माझ्या दारात नको, म्हणाले, आणि तूही पुन्हा ही पायरी चढू नकोस. घरात त्याचं नाव काढायचं नाही असा हुकूम सुटला. संदेश काही परदेशी गेला नव्हता. ठाण्यात बाळकुमला राहत होता. कलावतीबाई त्याच्याशी फोनवर बोलायच्या, तेही नवरा आंघोळीला गेला की.

हे सगळं मला कळलं ते एका संध्याकाळी. कलावतीबाईंनी मला उचलून ऐश्वर्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "ते संदेशला शोधतायत. घाल त्याचा फोटो."

ऐश्वर्या घाबरली. "आई, बाबांनीच सांगितलेलं ना, त्याचं नाव काढायचं नाही. बीपी वाढलं तर?"

"सांगितलेलं तेव्हा त्यांना बोलता येत होतं," कलावतीबाई म्हणाल्या. "आता मागे घ्यायचं म्हटलं तरी कसं घेतील?"

फोटो आला. बंटी नेहमी त्याला दादा म्हणायचा, पण बापाच्या वतीने म्हणायचं म्हणून तो नुसतं "संदेश" म्हणाला. दुसऱ्या दुपारी मारुतीरावांचा अंगठा रिकाम्या पानाकडे निघाला आणि मध्येच थांबला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग बोट लावलं. मी म्हणालो, "संदेश." पुन्हा लावलं. पुन्हा. मी दमलो नाही. माझ्या काचेवर पाणी पडत होतं, त्यामुळे बोट घसरत होतं, एवढंच.

ऐश्वर्याने संदेशला फोन केला. तो लगेच तयार झाला नाही. त्याने विचारलं, बोलावलंय कोणी, तुम्ही की बाबांनी? तिने फोन माझ्याजवळ धरला. मारुतीरावांनी फोटोला बोट लावलं.

रविवारी सकाळी तो आला. एकटाच. दारात उभा राहिला, बूट न काढता. वडिलांचा वाकडा झालेला ओठ आणि मांडीवर पडलेला उजवा हात बघून त्याने चौकट धरली. मारुतीराव घाईघाईने पानं उलटायला लागले. बाबांना बरं वाटेल म्हणून ऐश्वर्याने माझ्यात लाल एसटीचं चित्र घातलं होतं. ते सापडलं तशी त्यांनी त्यावर बोट दाबलं.

मी म्हणालो, "बस."

बंटी गोंधळला, आत्ता बस कशाला हवी? संदेश मात्र वाकला, बूट काढले आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला. कलावतीबाई आत जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

चहा झाला. मारुतीरावांना पुढे काही बोलायचं होतं. ते पान पान शोधत होते. पाणी, गोळ्या, खिडकी, पंखा. त्यांना जे म्हणायचं होतं त्याचं चित्र माझ्यात नव्हतं. वस्तू असूनही मला तेव्हा जीव नकोसा झाला. मग त्यांनी संदेशच्या फोनकडे बोट केलं. संदेशने नीरजाचा आणि दिशाचा फोटो काढून दाखवला. समोरचा दात पडलेली, हसणारी पोर. मारुतीरावांनी त्या फोटोवर बोट ठेवलं, मग माझ्यावर ठेवलं. पुन्हा तिच्यावर, पुन्हा माझ्यावर.

"हिला यात घालायचंय?" संदेशने विचारलं. मारुतीरावांनी मान डोलावली. "पुढच्या रविवारी दोघींना घेऊनच येतो, बाबा. तुमच्या शेजारी बसवून फोटो काढू आणि तोच घालू."

पुढच्या रविवारच्या आधी मारुतीरावांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

तेराव्याला नीरजा आणि दिशा पहिल्यांदा त्या घरात आल्या. घर माणसांनी भरलेलं. नीरजा दाराजवळ अंग चोरून बसली. दिशाला मी दिसलो, कॉटवर पडलेला. तिने मला चालू केलं आणि लहान मुलं करतात तसं दिसेल त्या चित्राला बोट लावलं.

मी बंटीच्या, म्हणजे मारुतीरावांच्या आवाजात म्हणालो, "पाणी हवंय."

"आणते हो," आतून कलावतीबाई म्हणाल्या, आणि पेला घेऊन बाहेर आल्या. कॉटपाशी येऊन थांबल्या. नीरजाने पटकन मुलीच्या हातातून मला घेतलं. माफी मागायला लागली.

"राहू दे. खेळू दे तिला," कलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी तो पेला दिशाच्या हातात दिला. "पी बाळा. तुझ्या आजोबांनी मागितलंय."

त्यानंतर मी थोडे दिवस चाललो. मग माझी बॅटरी फुगली, काच उचलली गेली. दुकानातला माणूस म्हणाला, ही घरात ठेवू नका, पेट घेईल. बंटीचा आवाज, ती चित्रं, सगळं माझ्यातच राहिलं. उद्या मला जुन्या यंत्रांच्या पेटीत टाकतील. कलावतीबाईंनी मला पदराने पुसून पिशवीत ठेवलं आहे.

जाण्याआधी तुम्हाला एकच सांगतो. मारुतीरावांचं जे बोलायचं राहिलं, ते माझ्याकडे त्याचं चित्र नव्हतं म्हणून. तुम्हाला चित्र लागत नाही. ज्याच्याशी बोलायचं राहिलंय, त्याला रविवारची वाट बघायला लावू नका.

आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. पण मी काही परत येणार नाही. इतके दिवस दुसऱ्याचं खरं बोललो, आता स्वतःचंही खरंच बोलतो.

जातो मी.