दोन इंच

“आले, माघारराव आले! आज किती वाजता पळताय?” पोस्टमनने खुर्चीतूनच आरोळी ठोकली आणि हॉलमधली सात-आठ माणसं हसली.

दादाही हसला. तेच तिला खपत नव्हतं. लोकांनी हसावं एक वेळ, पण ज्याला हसतात त्यानेही त्यात सूर मिसळावा? तिने हातातला सैनिकांचा खोका टेबलावर जरा आदळलाच.

“सावकाश, कापडवाल्या ताई,” सर्व्हेअरसाहेब म्हणाले. “आत माणसं आहेत.”

पुन्हा हशा.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ही मंडळी जमायची आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया टेबलावर लढायची. अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक, काडेपेटीएवढ्या तोफा, स्पंजची झाडं. टेबलावरची हिरवी जमीन आणि निळ्या साटिनची नदी तिने अकरा वर्षांपूर्वी शिवून दिली होती. तेव्हापासून तिचं इथलं नाव कापडवाल्या ताई. खेळायला तिला कधी कोणी बोलावलं नाही. आजही ती आली होती ती दादाचे हात म्हणून.

दादा पाणीपुरवठ्यात पंप मेकॅनिक. नुसता कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा. वर्षभरापूर्वी त्याच्या हातांना कंप सुटला. वरच्या साहेबाने त्याचे पाने काढून घेतले, त्याला हजेरीच्या टेबलावर बसवलं आणि त्याच्या जागी स्वतःचा मेहुणा आणला. तेव्हा दादा काय म्हणाला? “बसायला खुर्ची मिळाली की!” तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. एक सैनिक उचलताना शेजारचे चार पाडतो म्हणून गेले तीन रविवार तो इकडे फिरकला नव्हता. आणि आज सकाळी चहाचा अर्धा कप दोन्ही हातांत धरून तो अचानक म्हणाला, “चल ना माझ्याबरोबर. मी सांगेन, तू हलव. चौदा वर्षांत सर्व्हेअरसाहेबांना एकदाही हरवलं नाही. आज जमेल असं वाटतंय. पुढच्या वर्षी मोजायची काठी तरी धरता येईल की नाही, कोणास ठाऊक.”

दादाने आयुष्यात कधी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. मशीनवरचं काम तसंच टाकून ती निघाली.

निळे दादाचे, तांबडे साहेबांचे. शेवटी पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. सुरुवातीलाच दादाने एक चिठ्ठी लिहिली, वेडीवाकडी अक्षरं, कागद फाटेल इतकं दाबून, आणि घडी करून पंचाकडे दिली. औषधांच्या दुकानाचे मालक पंच होते. लपवलेली तुकडी कुठे आहे ते चिठ्ठीत लिहायचं आणि वेळ आली की पंचाने ती वाचायची, असा इथला नियम.

“काय लिहिलंस?” तिने हळूच विचारलं.

“आपल्या फौजेलाही सांगायचं नसतं,” दादा म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा असा मिस्कील दिसला.

साहेब पूर्वी जमीनमोजणीत होते. छत्तीस वर्षं लोकांच्या बांधांचा निकाल लावलेला माणूस. इथली मोजायची काठीही त्यांचीच, शिसवी, पितळी टोकांची. त्यांची चाल कोणी तपासायची नसते असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी तपासतही नसे.

पहिल्या चालीला तिला काही कळलं नाही. दुसऱ्या चालीला काहीतरी खुपलं. तिसऱ्याला तिने नीट पाहिलं. घोडेस्वार चार-चारच्या रांगेत दोन इंच रुंद लाकडी पट्टीवर चिकटवलेले. साहेबांनी पट्टीच्या पुढच्या कडेपासून बारा इंच मोजले, तिथे बोट ठेवलं, पट्टी उचलली आणि बोटाच्या पलीकडे ठेवली. बोटापर्यंत नाही, पलीकडे! परवानगी बाराची, घोडे गेले चौदा. फळबागेतून पार निघून उघड्यावर आले.

कापडात दोन इंच म्हणजे काय, ते शिवणारीला विचारावं. दोन इंच चुकले की बाही दंडावर चढत नाही, आणि वर गिऱ्हाईक आपल्यालाच सुनावून जातं. इथे चौदा वर्षं, दर चालीला दोन इंच. आणि माघारराव कोण? तर दादा!

“आता आमची पाळी,” दादा खुर्चीतून पुढे झुकला. “पंचसाहेब, ती चि...”

“थांबा!” ती ओरडली. “ही मोजणी खोटी आहे.”



“काय म्हणालात?” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“पुढच्या कडेपासून मोजता आणि मागची कड तिथे ठेवता. दर वेळेला पट्टीभर जास्त.”

“बाई, छत्तीस वर्षं मी मोजणीच...”

“छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनीही अशाच मोजल्यात का?”

“ताई, खेळ आहे हो,” पोस्टमन मध्ये पडला.

“खेळ आहे ना? मग तो सारखा का हरतो, हे कधी काठी लावून बघितलंत? नाव ठेवायला बरे पुढे!”

“अगं, राहू दे,” दादा म्हणाला. “बस तू. राहू दे.”

त्याचा चेहरा उतरला होता. घाबरला, नेहमीसारखाच घाबरला, असं वाटून ती आणखी भडकली. पर्समधला शिवणाचा खडू काढून तिने स्वतःच शिवलेल्या हिरव्या जमिनीवर रेघ ओढली. “ही पुढची कड. मोजा इथून. आणि आता पुढचीच कड ठेवा.”

साहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

“हाताला तशीच सवय पडली,” ते पुटपुटले. “कोणी कधी बोललंच नाही.” आणि त्यांनी आपल्या हातांनी घोडे दोन इंच मागे घेतले, पुन्हा झाडांत.

तिने जिंकल्यासारखं दादाकडे पाहिलं. दादा झाडांकडे पाहत होता.

“निळ्यांची पाळी,” औषधवाले म्हणाले. “चिठ्ठी उघडू?”

“नको,” दादा म्हणाला. “जरा पाणी पिऊन येतो.”

ती त्याच्या मागोमाग जिन्यात आली. “काय झालं? तोंड का असं केलंस?”

“कुंपणामागे तोफा आहेत माझ्या. घोडे उघड्यावर थांबले असते, तर या पाळीत उडवले असते सगळे. झाडांत असले की दिसत नाहीत. आता पुढच्या चालीला ते तिथून निघतील ते थेट तोफांवर. हलवल्या तर दिसतात, ठेवल्या तर जातात.”

तिला कळायला क्षणभर लागला. “म्हणजे ते दोन इंच जास्त येणार, हे तुला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

“आणि बोलला नाहीस!”

“बोललो असतो तर त्यांचा अपमान झाला असता. रविवार मोडला असता. म्हटलं, ते दोन इंच धरूनच बेत करू. चौदा वर्षं बसत नव्हता. आज बसला होता. तू एक पाळी थांबली असतीस तर...”

तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटला संताप. “कोणीही यावं, दोन इंच आत सरकावं आणि तू ते धरून बेत करावास! तिकडे तो मेहुणा, इकडे हे साहेब. अजून किती जणांना देत बसणार आहेस, दादा?”

“तुझं मशीन माझ्या खोलीत आहे,” तो म्हणाला. “लेक जरा मोठी होईपर्यंत ठेवते, असं म्हणाली होतीस. आता ती कॉलेजात जाते.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. पंपात काय बिघडलंय ते सांगावं, तसं त्याने सांगितलं, आणि कठडा धरून वर गेला. ती जिन्यात उभी राहिली. अंगाचा नुसता जाळ झाला होता, आणि तो कोणावर काढायचा हे पहिल्यांदाच तिला सुचत नव्हतं.

ती वर आली तेव्हा दादाने पाळी सोडून दिली होती. साहेबांनी मोजलं, पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत, दोनदा. घोडे झाडांतून निघाले आणि कुंपणाला जाऊन भिडले.

आता चिठ्ठी उघडावीच लागली. औषधवाल्यांनी मोठ्याने वाचली. “तोफा बागेसमोरच्या कुंपणामागे. घोडे बागेबाहेर दोन इंच येऊन थांबले, की डागायच्या.”

शेवटचे शब्द त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचले असावेत. त्यांनी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. “तुम्हाला माहीत होतं तर.”

“हो.”

“घोडे पुन्हा उघड्यावर ठेवतो मी. डागा तुम्ही तोफा. चूक माझी आहे.”

हो म्हण, तिने दातांवर दात दाबले. एकदा तरी हो म्हण!

“नको, साहेब,” दादा म्हणाला. “मोजणी आता बरोबर आहे.”

तोफा गेल्या. गोलंदाज आडवे झाले. पुलावर निळ्यांची एकच तुकडी उरली, आणि समोर तांबडे दुप्पट. पोस्टमनने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

“पुलावरची माणसं आहेत अजून,” दादा उठत म्हणाला. “काठी द्या.”

साहेबांनी काठी पुढे केली.

“दे इकडे, मी मोजते,” ती म्हणाली.

“नको.”

काठी टेबलावर टेकली तशी थरथरत संगिनींवर आपटली आणि तीन निळे पडले. त्याने काठी ठेवली, एकाला उभं केलं. तो पुन्हा पडला. पुन्हा उभा केला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट आवळून धरला. तिघं उभे राहिले, मग काठी, मग पुढची कड, मग पुढचीच कड. पूल सोडून तांबड्यांच्या दिशेने.

“सहा इंच,” दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “कोणाला मोजून बघायचं असेल, तर बघा.”

साहेब उठले. चष्मा पुसला, टेबलावर वाकले आणि काठी लावली.

“सहा,” ते म्हणाले.