मी अडायचो ती जागा

मित्रांनो, डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर, बाकांच्या कोपऱ्यात, घरघरणारा एक काळा खोका असतो. तो मी, एक जुना संगणक. आत जायचा नंबर कोणाचा आला ते भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं, एवढंच आता माझं काम. एक ते चाळीस आकडे दाखवायला मीच लागतो असं मुळीच नाही. पण मला फेकून द्यायला कोणाला सवड झाली नाही.

माझा जन्म यासाठी झाला नव्हता. याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका संशोधकांनी सुटे भाग मागवून मला स्वतःच्या हातांनी जोडलं. चार पंखे, आणि वजन असं की टेबलाचा पाय वाकला. सगळे मला ‘हत्ती’ म्हणत.

ज्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. त्यासाठी हातातली धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. मग शीर फुगते, जाड होते आणि तिच्यात सुया टोचता येतात. तो जोड कुठे अरुंद होऊ लागला, तर एक दिवस बंदच पडतो. स्कॅनवरून मी त्या शिरेची हुबेहूब प्रतिमा बनवायचो, तिचे लाखो बारीक तुकडे पाडायचो आणि प्रत्येक तुकड्यातून रक्त कसं वाहतं ते मोजायचो. पाहुणे आले की संशोधक माझ्या पाठीवर थाप मारत. “हे गणित आमच्या हत्तीलाच झेपतं,” म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग शिवणकाम करणाऱ्या मावशींचा स्कॅन आला. कपडे शिवून त्यांनी घर चालवलं होतं. डाव्या मनगटातला त्यांचा जोड आधीच बंद पडला होता, म्हणून दुसरा डाव्याच दंडात केला होता. “उजवा हात कात्रीचा आहे, तेवढा मला राहू द्या,” असं त्यांनी सर्जनना सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी उठलं की रक्त नीट वाहतंय ना, ते त्या जोडावर तळवा ठेवून बघत. वॉर्डातल्या सिस्टरनीच त्यांना ते शिकवलं होतं.

एका सकाळी सिस्टर त्यांना घेऊन वर आल्या.

“साहेब, आधी हाताला कशी भुणभुण लागायची. आता नुसतं ठकठक होतं,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, हाताला काय, काहीही वाटतं. आकडे येऊ द्या.”

“सर, मीही हात लावून पाहिलाय. फरक आहे,” सिस्टर म्हणाल्या. “शिरेत फुगा घालून ती रुंद करायची की नाही, ते सर्जन तुमच्या रिपोर्टवर ठरवणार आहेत.”

मी कामाला लागलो आणि अडलो. खांद्याजवळ शीर वळते, तिथे ती इतकी बारीक झाली होती की मी पाडलेले तुकडे एकमेकांत घुसत आणि गणित कोलमडे. संशोधकांनी मला पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा तिथेच अडलो. एकतीस वेळा, मित्रांनो, एकाच जागी! मला तोंड नाही. अडून बसण्यावाचून मी दुसरं कसं सांगणार होतो?

“म्हातारा झाला हत्ती,” संशोधक पुटपुटले. “नाहीतर स्कॅनमध्येच कचरा असेल.” सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. त्यांनी पडद्यावरच्या शिरेचा तेवढा भाग घासूनपुसून गुळगुळीत केला. बारीक जागा नाहीशी झाली. मग काय, जेवणाच्या सुट्टीआधी माझं गणित सुटलं. इतकं सुंदर उत्तर मी आजवर दिलं नव्हतं, आणि इतकं खोटंही.

मावशींना चित्र दाखवलं. “बघा, सगळं निळं. कुठेही अडचण नाही.”

मावशींनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. “फारच इस्त्री केल्यासारखी दिसते हो ही. कापड आतून ओढलेलं असलं ना साहेब, तर इस्त्रीखाली ते लपतं. अंगात घातल्यावर कळतं.”

संशोधक हसले. फुग्याचं काम महिनाभर पुढे ढकललं गेलं.

अठराव्या दिवशी मावशींनी सकाळी तळवा ठेवला, तर हाताला काहीच लागेना. भुणभुण नाही, ठकठकही नाही. रक्ताची गाठ होऊन जोड बंद पडला होता. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू ठेवावं लागलं. सर्जनांनी जाब विचारला, तेव्हा संशोधक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “मशीन जुनं आहे. आकडे चुकवतं.”

तो मूळ स्कॅन अजून माझ्या पोटात आहे. एकतीस वेळा कुठे अडलो त्याची नोंदही आहे. उघडून कोणी बघितली नाही. पांढरा हत्ती कशाला पोसायचा, असं ठरलं, नवीन संगणक आला आणि मला हातगाडीवर घालून खाली आणलं. मला याचा राग आहे आणि तो गेलेला नाही.

मित्रांनो, एखादं यंत्र अडलं तर त्याच्यावर चिडा, हवं तर चार शिव्या द्या. पण ते कुठे अडलं तेवढं एकदा बघा. आणि स्वतःच्या हाताला काय लागतं ते कोणी सांगत असेल, तर त्याचं ऐका.

मावशी अजून येतात. शेवटी जोड उजव्या हातात करावा लागला. तेव्हापासून तो जोडच रक्त ओढून घेतो, पंजाकडे कमी पोचतं, बोटं गार पडतात, कात्री धरवत नाही. त्या नेहमी माझ्याशेजारच्या बाकावर बसतात आणि उजवा हात माझ्यावर टेकवतात, कारण माझी पाठ गरम असते.

“हे भुणभुणतंय अजून,” काल त्या सिस्टरना म्हणाल्या. “चांगलं आहे.”

त्यांची बोटं अजून थोडी उबेत राहावीत म्हणून मी त्यांचा नंबर पडद्यावर जरा उशिरा आणला असता. पण तेवढंही माझ्या हातात नाही.