कोल्बीचा हिरवा ठिपका

थेया बीलला वाटलं, संगणकच चुकलाय.

शाळेत मुलं उणीपुरी नव्वद. गेल्या दहा वर्षांत विन्स्लेड कॉलेजला अर्ज करायची छाती झाली ती फक्त नऊ जणांची. मिसेस पिंकहॅमच्या पडद्यावर ते नऊ जण ठिपके होऊन बसले होते. कॉलेजनं घेतला तो हिरवा, नाकारला तो लाल. आडवे शाळेचे गुण, उभे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे. नावं लपवलेली. पण या बंदरात लपवून लपवणार काय, कपाळ? इथे कोणी मोजे उलटे घातले तरी दुपारपर्यंत पोस्टात चर्चा होते! थेयानं बोट ठेवत ठेवत आठ जण ओळखून काढले. हा डॉक्टरांचा मुलगा, या दोघी चर्चजवळच्या जुळ्या बहिणी, हा लाल म्हणजे गॅरेजवाल्याचा ड्वेन, अजून तोंड पाडून फिरतो.

नववा तिचा सख्खा भाऊ, कोल्बी. त्याचे गुण तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. शाळेचे चारपैकी तीन पूर्णांक शहाण्णव आणि परीक्षेचे सोळाशेपैकी चौदाशे नव्वद. डॅडनं ती गुणपत्रिका दोन वर्षं फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. कोल्बीला विन्स्लेडनं नाकारलं, हे तर सगळ्या गावाला ठाऊक. म्हणजे तिथे लाल ठिपका हवा. आणि तिथे होता हिरवा.

"मिसेस पिंकहॅम, हा रंग चुकलाय."

"रंग मी नाही गं भरत. कॉलेजकडून निकाल येतो, तोच इथे उमटतो." मिसेस पिंकहॅम तीन वर्षांपूर्वी या शाळेत आल्या. मुलांचे अर्ज बघणं हे त्यांचं काम. "कोणाचा आहे ते मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. पण तुझे गुण बघ, त्याला अगदी खेटून आहेत. आणि त्याला घेतलंय तेही लवकरच्या अर्जात. तुझे चान्स चांगले आहेत, थेया. मग पाय का मागे घेतेस? परवा शेवटची तारीख. घरून सही आण."

सही लागायचीच. लवकरचा अर्ज म्हणजे शब्द दिल्यासारखा. त्यांनी डिसेंबरात घेतलं की बाकीची कॉलेजं विसरायची आणि तिथेच जायचं.

कागद घेऊन थेया घराकडे निघाली, आणि चालता चालता तिला जुनं सगळं आठवत गेलं. सहा वर्षांपूर्वी ती अकरा वर्षांची होती. आई बँगोरला दुसरा संसार थाटून बसलेली. त्याच शरदात बोटीवर शेवंडी पकडायचे पिंजरे ओढायच्या यंत्रात दोर अडकून डॅडचा खांदा निखळला होता. डिसेंबरात कोल्बी खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "नाही घेतलं." थेया त्या कॉलेजच्या नावानं रडली होती. आणि यंदा ऑगस्टमध्ये तिनं त्यालाच विचारलं, मी अर्ज करू का? तेव्हा तो काय म्हणाला? "मला नाही घेतलं, तुला काय घेणार? उगाच तोंडघशी पडशील. जवळचं सरकारी कॉलेज बघ, सुट्टीच्या दिवशी बोटीवर येता येईल." तिनं मुकाट्यानं मान डोलावली. कोल्बी खोटं बोलेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

कोल्बी शेडमध्ये पिंजऱ्यांच्या खुणेसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना रंग देत बसला होता.

"तुला विन्स्लेडनं घेतलं होतं."

त्यानं ब्रश डब्यात बुडवला. "कोणी सांगितलं?"

नाही म्हणाला नाही. कोणी सांगितलं, म्हणे!

"डॅडचा हात गळ्यात बांधलेला होता, थेया," तो म्हणाला. "मी गेलो असतो तर त्यानं बोट विकली असती. म्हणून सांगितलं, नाही घेतलं. विषय संपला."

"ते डॅडसाठी. मला का फसवलंस?"

त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळला. मग बोयाकडेच बघत म्हणाला, "जानेवारीत विजेच्या तारांचं काम शिकायला जातोय. नाव घातलंय. सहा वर्षं शेवंडी पकडल्या मी. आता बोटीवर कोणीतरी हवं ना."

"कोणीतरी म्हणजे मी."

"दोन-चार वर्षं गं, फक्त."

"मग तोंडानं मागायचं होतंस!" थेयाचा आवाज फाटला. "थांब माझ्यासाठी, एवढं म्हणाला असतास तरी थांबले असते रे, गाढवा! त्याऐवजी मीच कमी पडते, असं पटवलंस मला. तीन महिने मी स्वतःला मठ्ठ समजतेय!"

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन डॅड आत आला. तिनं कागद त्याच्यापुढे धरला. "सही हवीय."

त्यानं सावकाश वाचलं. "हे तेच ना? कोल्बीला नाही घेतलं त्यांनी. तुझे गुण त्याच्याहून थोडे कमीच. कशाला जिवाला लावून घेतेस, पोरी?"

थेयानं भावाकडे पाहिलं. एक वाक्य, बस. तिला वाटलं, आता बोलेल. इतका काही वाईट नाही हा.

कोल्बीनं बोया फिरवून दुसऱ्या बाजूला रंग द्यायला घेतला. "डॅड बरोबर बोलतोय," तो म्हणाला.

"त्याला घेतलं होतं!" थेया किंचाळली. "घेतलं होतं, डॅड! खोटं बोलला तो, तुझ्यासाठी!"

डॅडनं मग खाली ठेवला. चकित झालेला माणूस असा दिसत नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"त्यानं नाही म्हणून सांगितलं, त्यानंतर आठवड्यानं जाडजूड पाकीट आलं. अभिनंदन, स्वागत, असलं काय काय. मी शेगडीत घातलं."

कोल्बीचा ब्रश थांबला. "तुला माहीत होतं?"

"म्हटलं, पोरानं ठरवलंय तर असू दे. हात बरा होईपर्यंत. मग..." डॅडनं मान खाली घातली. "मग तू काही बोलला नाहीस. मीही नाही बोललो. दोघं असलो की पिंजरे जास्त निघायचे."

"तुझा हात एप्रिलमध्ये बरा झाला, डॅड," कोल्बी म्हणाला.

डॅडनं खिशातून पेन काढलं, कागद रंगाच्या बंद डब्यावर टेकवला आणि सही केली. आता त्याला कोणी मागितलीही नव्हती. थेयानं कागद घेतला. कोल्बीवरचा तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, पण तो ज्या तऱ्हेनं पालथ्या पेटीवर बसला, ते तिला बघवेना. ती दाराबाहेर पडली.

मागून कोल्बीचा आवाज आला, अगदी हळू. "एप्रिलमध्ये, डॅड. कॉलेज तर सप्टेंबरात सुरू होणार होतं."

डॅड काय म्हणतो म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. आतून फक्त मग उचलल्याचा आवाज आला.